पदवीनंतर ट्रकचं स्टिअरिंग: निर्णयापासून पाचव्या वर्षापर्यंतचा सविस्तर मार्गदर्शक

ट्रक चालवायला पदवी लागत नाही. परवाना देणारं कार्यालय ती मागत नाही, पहिला मालक तिच्याकडे बघत नाही आणि पहिली दोन वर्षं तिच्यापायी एक पैसाही जादा मिळत नाही. या कामाकडे वळणाऱ्या पदवीधराने ही गोष्ट आधीच पचवलेली बरी. तरीही ज्याला मनापासून यायचं आहे त्याला मी अडवणार नाही. नियम मुळातून वाचणारा, हिशेब ठेवणारा, घडलेली गोष्ट चार ओळींत नीट लिहू शकणारा आणि स्वतः गाडी चालवलेला माणूस मालवाहतुकीत फार थोडा सापडतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्याची किंमत कळायला लागते. तोपर्यंत शिकाऊ म्हणून राहायची तयारी मात्र हवी, आणि ती वर्षं कशी काढायची हे अगोदर ठरलेलं हवं.

पहिली पायरी: कोणता ट्रक, कोणतं काम?

ट्रक ड्रायव्हर हे एक काम नाही. लांब पल्ल्याची गाडी चालवणारा आठवडे घराबाहेर असतो. शहरात माल वाटणारा रोज घरी येतो, पण दिवसातून पंधरा-वीस ठिकाणी गाडी मागे घेतो, माल उतरवतो आणि सह्या गोळा करतो. दोन गोदामांमध्ये ठरलेल्या वेळी रात्रीची फेरी मारणाऱ्याचं वेळापत्रक पक्कं असतं, पण झोप कायमची उलटी होते. बंदरातून कंटेनर काढणाऱ्याचा मोठा वेळ रांगेत जातो. टँकर, बांधकामावरचा टिपर, मोटारी वाहणारा ट्रेलर, शीतगृहाची गाडी, प्रत्येकाची शिस्त निराळी.

म्हणून कुठल्याही वर्गाची फी भरण्याआधी ओळखीच्या चालकाशी बोला, आणि मालकाची व विम्याची परवानगी मिळत असेल तर त्याच्याबरोबर एक पूर्ण फेरी करा. पूर्ण म्हणजे माल भरल्यापासून खाली होईपर्यंत. रस्त्यावरचे तास बहुतेकांना आवडतातच. लक्ष ठेवायचं ते बाकीच्या तासांकडे. गोदामाच्या फाटकाबाहेर पाच तास थांबताना तुम्ही कसे असता? केबिनमध्ये झोप लागते का? दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही तर चालतं का, की संध्याकाळपर्यंत जीव कासावीस होतो? गाडी चालवायची आवड हे या कामात यायचं कारण होऊ शकतं, पण टिकायला लागतं ते वाट पाहण्याचं बळ. ज्याला रिकामा वेळ सोसत नाही त्याने हा निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

घरच्यांशी बोलणंही याच टप्प्यावर उरकून घ्या. ‘इतकं शिकून हेच करायचं होतं का’ हा प्रश्न येणारच. त्याला वाद घालून उत्तर देण्यापेक्षा कागदावर पुढच्या पाच वर्षांचा आराखडा मांडा: कोणता परवाना, कोणतं काम, किती दिवस बाहेर, कधी पुढचं प्रमाणपत्र. जोडीदार असेल तर किती रात्री घराबाहेर चालतील याचा आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि त्यात बसेल असंच काम शोधा.

दुसरी पायरी: शरीर आधी, परवाना नंतर

बहुतेक देशांत अवजड वाहनाच्या परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते. ती फी भरल्यानंतर करण्यात अर्थ नाही. दृष्टी, रंगांची ओळख, ऐकू येणं, रक्तदाब, साखर हे सगळं अगोदर पाहून घ्या. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग येणं दोन्ही असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे का, हे नक्की तपासा. त्यावर उपचार आहेत आणि उपचार घेणाऱ्याला काम करता येतं. न तपासता चाकामागे बसणारा मात्र स्वतःबरोबर इतरांचाही जीव टांगणीला लावतो.

तिसरी पायरी: परवाना

इथे फार वेळ घालवत नाही, कारण नियम देशागणिक वेगळे आहेत आणि ते अधिकृत संकेतस्थळावरच वाचायला हवेत. ढाचा लक्षात यावा म्हणून तीन उदाहरणं. भारतात व्यावसायिक वाहन चालवायला किमान वय २० वर्षं आहे, आधी हलक्या मोटारीचा परवाना किमान एक वर्ष असावा लागतो, आणि आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकली आहे. अमेरिकेत २६,००१ पौंड म्हणजे साधारण ११.८ टनांपासून पुढच्या गाड्यांना व्यावसायिक परवाना लागतो, राज्याची हद्द ओलांडायची तर वय २१ हवं, आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून सरकारी नोंदणीतल्या संस्थेतूनच सुरुवातीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. युरोपीय संघात परवान्याखेरीज व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता मिळवावी लागते आणि ती टिकवायला दर ५ वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं.

परक्या देशात काम करायचा विचार असेल तर तुमचा परवाना तिथे चालतो का, की परीक्षा नव्याने द्यावी लागते, हे त्या देशाच्या वाहतूक खात्याकडून लेखी तपासा. परवाना, व्हिसा आणि नोकरी एकाच रकमेत मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला आगाऊ पैसे देऊ नका.

चौथी पायरी: शिकायचं कुठे, आणि काय

पदवीधर इथे हमखास चुकतो, कारण लेखी परीक्षा त्याला सोपी जाते. नियमावली दोन रात्रींत वाचून होते आणि आपल्याला जमलं असं वाटायला लागतं. संस्था निवडताना इमारत बघू नका, हे विचारा: एका गाडीमागे किती विद्यार्थी? प्रत्यक्ष चाकामागे मला किती तास मिळतील? त्यातले किती भरलेल्या गाडीवर, किती रात्री, किती उतारावर? जोडगाडी (ट्रेलर जोडलेली गाडी) मागे घ्यायला रोज संधी मिळेल का? रिकाम्या गाडीवर सपाट मैदानात शिकून परवाना मिळतो, चालक होता येत नाही.

काही कंपन्या प्रशिक्षणाचा खर्च स्वतः करतात आणि बदल्यात ठरावीक काळ नोकरीचा करार घेतात. ही सोय वाईट नाही. फक्त मध्येच सोडल्यास किती रक्कम परत द्यायची, कामावर राहिलेल्या प्रत्येक महिन्यामागे ती कमी होते का, आणि कंपनीनेच काढलं तर काय, या तीन गोष्टी करारात शोधा. शिकलेला माणूस म्हणून तुमचा पहिला फायदा हाच आहे: सही करण्याआधी वाचणं.

आता हात कशावर बसवायचा ते. सुरुवात थांबण्यापासून करा. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. एअर ब्रेकमध्ये हवा नळ्यांतून चाकांपर्यंत पोचून ब्रेक लागायला आणखी अर्धा सेकंद, म्हणजे ११ मीटर. गाडीचा वेग कमी व्हायला सुरुवात होण्याआधीच ४४ मीटर संपले, आणि खरं थांबणं पुढेच आहे. हा हिशेब कागदावर एकदा स्वतः करा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा असं कुणी शंभरदा सांगण्यापेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

घाट उतरताना नियम एकच: उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर. अर्ध्या उतारावर गाडी पळायला लागल्यावर गिअर पाडायला गेलात तर तो पडेलच असं नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहिली तर हातात काही उरत नाही. वेग धरण्याचं मुख्य काम इंजिन ब्रेक किंवा रिटार्डरचं (पायाचा ब्रेक न वापरता वेग रोखणारी यंत्रणा). पायाचा ब्रेक सतत घासत ठेवला की तो तापतो आणि तापला की धरत नाही. ठरवलेल्या वेगापर्यंत गाडीला येऊ द्यायचं, मग जोरकस ब्रेक देऊन ताशी सात-आठ किलोमीटर वेग कमी करायचा, पाय पूर्ण काढायचा, आणि तेच पुन्हा. पावसात किंवा निसरड्यावर मात्र इंजिन ब्रेक जपून वापरायचा, कारण रिकाम्या गाडीची मागची चाकं त्यानेच घसरू शकतात.

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, आणि ट्रेलर लांब असेल तेवढी जास्त. याच जागेत सायकलस्वार आणि पादचारी सापडतात. गाडीच्या अगदी समोर, अगदी मागे आणि दोन्ही बाजूंना आरशात न दिसणारी जागा असते. प्रशिक्षकाला सांगा की गाडी उभी असताना एका माणसाला भोवती फिरवून तो कुठे कुठे दिसेनासा होतो ते दाखवा. मागे घेताना शंका आली की खाली उतरून बघा. दहादा उतरावं लागलं तरी उतरा. वाट अडलेल्या गाड्यांचे हॉर्न ऐकून घाई करणारा चालक मागचा खांब पाडतो.

निघण्याआधीची तपासणी टायर, चाकांचे नट, दिवे, गळती, जोड, हवेच्या नळ्या या क्रमाने रोज तशीच करा. नटाभोवती गंजाची रेघ ओघळलेली दिसली तर तो ढिला असू शकतो. एअर ब्रेकसाठी अमेरिकी नियमावलीतली चाचणी कुठेही शिकण्यासारखी आहे: गाडी हलणार नाही अशी सोय करून इंजिन बंद करायचं, पार्किंग ब्रेक सोडायचा, ब्रेकचं पॅडल दाबून धरायचं आणि मिनिटभर हवेच्या दाबाचा काटा बघायचा. एकेरी गाडीत ३ आणि जोडगाडीत ४ पीएसआयपेक्षा (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त हवा उतरली तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी निघत नाही.

माल बांधण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण नवे चालक ते हमालांवर सोडतात. युरोप आणि अमेरिका दोन्हीकडचा मूळ आधार सारखाच आहे: बांधलेल्या मालाने पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे वजनाच्या ०.५ पट जोर सोसला पाहिजे. म्हणजे १० टनांच्या मालाला जोरदार ब्रेक लागला की ८ टन वजनाइतका रेटा केबिनकडे येतो. जड आहे म्हणून हलणार नाही, हा समज जीवघेणा आहे. सुरुवातीच्या प्रवासात माल बसतो आणि पट्टे सैल होतात. म्हणून अमेरिकी नियमात पहिल्या ५० मैलांत, म्हणजे साधारण ८० किलोमीटरांत, थांबून बांधणी पुन्हा तपासायची असते. तुमच्याकडे असा नियम नसला तरी थांबा. टँकरमध्ये अर्धवट भरलेला द्रव ब्रेक मारल्यावर पुढे झेपावतो आणि थांबलेली गाडीही ढकलतो, त्यामुळे टँकर पहिल्या वर्षी घेऊ नये.

पाचवी पायरी: पहिलं वर्ष

पहिली नोकरी पगारावरून निवडू नका. नव्या चालकाबरोबर अनुभवी चालक किती आठवडे देतात, गाड्यांची देखभाल कोण आणि कधी करतं, नादुरुस्त गाडी चालवायला नकार दिला तर काय होतं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहरा बघा. तिथल्या दोन चालकांशी फाटकाबाहेर बोलल्याशिवाय होकार देऊ नका.

महिला पदवीधरांनी मुक्कामाच्या जागा, स्वच्छतागृहं, रात्रीच्या फेऱ्या आणि तक्रार कुणाकडे करायची हे लेखी विचारून घ्यावं. सीट, आरसे आणि पॅडल आपल्या उंचीला जुळतात का हेही आधी गाडीत बसून पाहावं. ठरलेल्या गोदामांमधल्या फेऱ्यांपासून सुरुवात केलेली बरी, मुक्कामाची जागा ओळखीची राहते.

थकव्याबाबत कुठलीही सवलत नाही. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, दिवसाला ९ तास आणि आठवड्यातून दोनदा १० तास चालवता येतं. अमेरिकेत १० तास सलग विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा घातली. नियम कागदावर आणि रस्त्यावर सारखे पाळले जात नाहीत हे खरं आहे, पण शरीराचा नियम कुठेही बदलत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉसन आणि रीड यांच्या अभ्यासात दिसलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं कामातलं कौशल्य रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकं घसरतं. पहाटे दोन ते पाच आणि दुपारची वेळ सगळ्यात वाईट. डोळे जड व्हायला लागले तर खिडकी उघडणं, गाणी मोठी करणं याचा उपयोग नाही. सुरक्षित जागी गाडी लावा आणि १५–२० मिनिटं झोपा, उठल्यावर लगेच निघू नका. जागं राहायला गोळ्या देणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा, आणि तो मालकच असेल तर ती नोकरी सोडा.

याच वर्षी एक वही घाला. फाटकावर पोचल्याची वेळ, आत घेतल्याची, माल खाली झाल्याची, किलोमीटर, डिझेल, रिकामे किलोमीटर, बिघाड. माल कमी भरला किंवा फुटका निघाला तर पोच पावतीवर तिथल्या तिथे लिहून समोरच्याची सही घ्या आणि छायाचित्र काढून ठेवा. अपघात झाला, टक्कर हुकली, ब्रेक बिघडला, तर त्याच रात्री लिहून काढा. या नोंदींना सध्या कुणी विचारणार नाही. नंतर नोकरी बदलताना, वाद झाल्यावर किंवा स्वतःची गाडी घ्यायचा विचार आल्यावर याच नोंदी बोलतात.

सहावी पायरी: पैशाचा खरा हिशेब

किलोमीटरवर मिळणारा दर ऐकायला चांगला वाटतो. तो तासांत उतरवा. ६०० किलोमीटरच्या फेरीला चालवायचे १० तास आणि थांबण्याचे ५ तास लागले, आणि थांबण्याचे पैसे मिळत नसतील, तर तासाची कमाई तुम्ही समजता त्याच्या दोन-तृतीयांशच आहे. म्हणून नोकरी ठरवताना थांबण्याचा भत्ता कितव्या तासापासून मिळतो हे विचारणं दराइतकंच महत्त्वाचं.

स्वतःची गाडी घ्यायची घाई करू नका, निदान तीन वर्षं तरी. पदवीधराला हिशेब जमतो म्हणून तो या मोहात लवकर पडतो, पण त्याच्या गणितात स्वतःचे आकडे नसतात, विक्रेत्याचे असतात. समजा भरलेले १,२०० किलोमीटर गेलात आणि पुढचा माल उचलायला ३०० किलोमीटर रिकामे. भाडं १,२०० चं मिळालं, खर्च १,५०० चा झाला, म्हणजे दर किलोमीटरमागची कमाई थेट २० टक्क्यांनी कमी. परतीचा माल हाताशी नसताना गाडी घेणं म्हणजे हप्ता डोक्यावर घेणं. हप्ता, विमा आणि कर गाडी उभी असतानाही चालू असतात, आणि टायर व इंजिनाचं मोठं काम आठवड्याचा इशारा देऊन येत नाही. प्रत्येक किलोमीटरमागे दुरुस्तीची रक्कम वेगळी काढायची सवय नोकरीत असतानाच कागदावर करून बघा.

कंपनीच देते ती गाडी, पगारातून कापून पुढे तुमच्या नावावर, अशी योजना समोर आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. माल देणारा आणि हप्ता घेणारा एकच असला की काम कमी करून तुम्हाला कोंडीत धरणं सोपं जातं. अमेरिकेत या प्रकारांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीने जानेवारी २०२५ मध्ये अशा योजनांवर बंदीचीच शिफारस केली.

सातवी पायरी: पदवी कामाला लावणं

दोन वर्षं झाली, वही भरली, अपघात नाही. आता पदवी बाहेर काढा. रसायनशास्त्र किंवा विज्ञान शिकलेल्यांना धोकादायक मालाची वाहतूक हे उत्तम क्षेत्र आहे. तिथे मालाचे नऊ वर्ग असतात, प्रत्येक पदार्थाला संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असतो (पेट्रोल १२०३, डिझेल १२०२), आणि कोणत्या दोन गोष्टी एकत्र न्यायच्या नाहीत याचं कारण समजून घेणारा चालक पाठ करणाऱ्यापेक्षा भरवशाचा असतो. यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. युरोपात त्याचं प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. वाणिज्यवाल्यांनी फेरीनिहाय खर्च काढून मार्ग आणि भाडं ठरवण्याच्या कामाकडे वळावं. अभियंत्यांना देखभाल, गाडीतल्या संगणकाचे बिघाड-संकेत आणि विजेवरच्या ट्रकांचं उच्चदाबाचं काम खुलं आहे. कायदा शिकलेल्यांना विमा आणि नुकसानभरपाई. भाषा चांगली असलेल्याने प्रशिक्षक व्हावं. चांगले चालक खूप आहेत, शिकवता येणारे मोजके.

नियंत्रण कक्षात बसून गाड्या सोडणाऱ्याने स्वतः कधी गाडी चालवलेली नसली की चालकाला अशक्य वेळ दिली जाते आणि रस्त्यावर कुणीतरी त्याची किंमत मोजतं. तिथे चाकामागून आलेली, शिकलेली माणसं बसायला हवीत, असं मला तळमळीने वाटतं.

पाचव्या वर्षी थांबून एकदा लांबचा विचार करा. मे २०२५ मध्ये अमेरिकेत डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर ऑरोरा या कंपनीने चालकाविना ट्रकांची व्यावसायिक वाहतूक सुरू केली, आणि त्याच महिन्यात गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून सीटवर पुन्हा निरीक्षक बसवला. माझा अंदाज असा की सरळ महामार्गावरची, डेपो ते डेपो ही कामं आधी बदलतील. गर्दीतली डिलिव्हरी, अवाढव्य यंत्रं, धोकादायक रसायनं, घाटरस्ते यांना माणूस जास्त काळ लागेल. पुढचं प्रमाणपत्र निवडताना हे ध्यानात ठेवा. आणि कार्यालयातली खुर्ची मिळाली तरी अवजड वाहनाचा परवाना, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचे तास यांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. भारतात परवान्याची मुदत संपून एक वर्षाहून जास्त काळ गेला तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.